कुंभारदादा, ‘वेडा’ या शब्दासाठी तुमचे आभार

आदरणीय कुंभारदादा,

सप्रेम नमस्कार.

‘विठ्ठला, तू वेडा कुंभार’ हे गाणं मराठी घरात कुणाला माहीत नाही? 1961 सालचा ‘प्रपंच’ हा चित्रपट, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत आणि आवाज सुधीर फडके यांचा. गाणं सगळ्यांना येतं, अर्थ मात्र ‘देव हा सृष्टीचा निर्माता’ एवढ्यावर उरकला जातो. गाणी अर्थासह शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना तुम्ही माती तुडवण्यापासून आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडेपर्यंतचं सारं काम दाखवलंत, प्रत्येक ‘का’चं उत्तर दिलंत. त्यातून हे गाणं ओळीओळीने उलगडलं. म्हणून हे जाहीर पत्र.

पहिल्या कडव्यात माती, पाणी, उजेड, वारा असे चारच शब्द एका ओळीत येतात. पंचमहाभूतं तर पाच. पाचवं, म्हणजे आकाश, कवीने मुद्दाम पुढे ठेवलं आहे: तेच ‘आकारा’ येतं. हे चाकावर पाहिल्याशिवाय नीट पटत नाही. गोळा मधोमध बसला की तुम्ही त्यात अंगठे दाबता आणि पोकळी उघडत नेता. हात मातीवर असतात, पण घडत असते ती पोकळी. माती तिच्याभोवती भिंत होऊन उभी राहते. वेदान्तातलं घटाकाश म्हणतात ते हेच. गोळा मधोमध नसेल तर भिंत एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ होते आणि उंची घेताना मडकं लडबडून बसतं, हेही तुम्ही करून दाखवलंत.

‘उतरंड’ या शब्दावरून मुलांना उतार आठवतो. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, तळाशी सर्वांत मोठं, वर लहान होत गेलेली. खालचं हवं असेल तर वरची सगळी उतरवावी लागतात आणि तळचं हललं की सगळीच येतात. पिढीवर पिढी चढलेल्या माणसांच्या जगाला यापेक्षा नेमका शब्द कुठून आणायचा?

दुसऱ्या कडव्यातलं ‘प्रत्येकाचे दैव वेगळे’ आम्हाला उपदेशासारखं वाटायचं. तुमच्या आव्यात ते शब्दशः खरं असतं. एकाच मातीची, एकाच हातची मडकी; पण ज्याला धूर लागतो ते काळवंडतं, कडेला वारा खात बसलेलं कच्चं राहतं, ओल राहिलेलं आतल्या वाफेने फुटतं. माती नीट चाळली नसेल तर चुनखडीचा खडा आत राहून जातो. भाजून त्याचा चुना होतो, तो नंतर हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चांगल्या दिसणाऱ्या मडक्याचा टवका कित्येक दिवसांनी उडतो. आवा झाकला की आत काय चाललंय हे तुम्हालाही दिसत नाही. ‘तुझ्याविना ते कोणा नकळे’ हे म्हणूनच तुम्हाला लागू नाही, विठ्ठलालाच लागू आहे.

त्याच कडव्यातलं लोणी आणि अंगार ही नुसती यमकाची जुळणी नव्हे. एक मडकं शिंक्यावर लोण्यासाठी टांगलं जातं, दुसरं विस्तव घालून तिरडीपुढे धरलं जातं. संक्रांतीची सुगडं, नवरात्रातला घट आणि स्मशानात फुटणारं मडकं, तिन्ही तुमच्याच अंगणातून जातात.

आता ‘कुरवाळिसी’ आणि ‘ताडिसी’. चाकावरून दोऱ्याने कापून काढलेलं मडकं जाड भिंतीचं असतं. ते अर्धवट सुकलं की एका हाताने आत गोल दगड धरायचा, दुसऱ्या हाताने बाहेरून थापी मारायची, आणि मडकं फिरवत फिरवत त्याचं पोट वाढवत न्यायचं. फार ओलं असेल तर थापी चिकटते, फार सुकलं असेल तर तडा जातो. आतला आधार आणि बाहेरचा मार एकाच जागी पडायला हवा. चुकलं की भिंत फाटते. आत हाताचा सहारा आणि बाहेर चोट हे कबीराने गुरूबद्दल म्हटलंच आहे. मराठी माणसाला मात्र आधी तेरचे गोरोबाकाका आठवतील: त्यांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा. भाजलेल्या मडक्याचा आवाज खणखणीत येतो, कच्च्याचा बद्द. गोरोबांचे हात गेले तेव्हा विठ्ठल स्वतः त्यांच्या घरी मडकी घडवायला आला, अशीही आख्यायिका आहे. विठ्ठलाला कुंभार म्हणणं वारकऱ्याला परकं नाही ते यामुळे.

मग ‘वेडा’ का? इथे सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही सांगितलीत. कुंभारही मडकी मोडतो, पण कच्ची. बिघडलेलं कच्चं मडकं पाण्यात टाकलं की त्याचा पुन्हा चिखल होतो, काही वाया जात नाही. आव्यात ताप पाचशे-सहाशे अंशांच्या वर गेला की मातीत मुरलेलं पाणी कायमचं निघून जातं. ती माती पुन्हा माती होत नाही, खापर होते. म्हणून भाजून पक्कं निघालेलं मडकं कोणताही शहाणा कुंभार स्वतःच्या हाताने फोडत नाही. विठ्ठल मात्र भाजलेली, भरलेली, कुणाच्या तरी घरात कामाला आलेली मडकी फोडतो. ‘न कळे यातुन काय जोडिसी’ हा त्याला विचारलेला हिशेब आहे, आणि शेवटी डोळ्यांपुढे अंधार ठेवल्याची तक्रार येते. हे गाणं गोड हसून म्हणणं चूक आहे, असं आमचं आता स्पष्ट मत झालं आहे. भक्ती त्यात पूर्ण आहे, पण ती भांडणाऱ्याची भक्ती आहे.

तुम्ही दिलेले दोन तुकडे आता वर्गात असतात. शेवटचं कडवं शिकवण्याआधी दोन्ही पाण्याच्या भांड्यात टाकतो. कच्चा तुकडा मात्र कडकडीत सुकलेला हवा, ही तुमची सूचना पाळतो; दमट असला तर तो लवकर विरघळत नाही. सुकलेला थोड्याच वेळात बुडबुडे सोडत तळाशी पसरतो. खापर तसंच राहतं. मुलं बघत असतात, आणि मग ‘तूच घडविसी, तूच फोडिसी’ म्हणायला घेतो.

तुमचे ऋणी,
गाणी अर्थासह शिकवणारे आम्ही सर्व