काट्यावरचं मिठाचं पुडकं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हुकूम गाजवणाऱ्या साहेबाच्या हाताखाली माणसं मुकाट काम करताना दिसली, की ‘सगळे लाचार झालेत’ असं म्हणून बाहेरचे लोक मोकळे होतात. मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात अकरा वर्षं काढली, शेवटची चार सुपरवायझर म्हणून. त्यामुळे हा शब्द मला लागतो आणि तो खराही नाही.

आमचे मॅनेजर फारच कडक होते. मोबाईल गेटवरच्या डब्यात ठेवायचे. लघवीला जायचं तर विचारून जायचं आणि किती वेळ लागला ते वहीत लिहायचं. सोलायला बसलेल्या दोघी बोलताना दिसल्या की एकीची जागा बदलायची. तरी बायका म्हणायच्या, “कडक आसत, पण माणूस कामाचो.” भीतीने नव्हे, मनापासून म्हणायच्या.

त्याला कारण होतं. आधीचे साहेब देवमाणूस, पण पगार कधी दहाला, कधी पंचविसाला. उद्या सोलायला काजूची बी आहे की नाही, हे गेटवर आल्यावर कळायचं. नवे साहेब आले आणि सात तारखेचा पगार सात तारखेलाच मिळू लागला. चतुर्थीआधी न मागता उचल मिळाली. ज्या घरात पावसाळ्यात दुसरी मिळकत नाही, ज्या वाडीत एसटी दिवसातून दोनदाच येते, तिथली बाई एवढ्या भरवशासाठी बरंच काही गिळते. तिने मनात पुरता हिशेब केलेला असतो. तिला लाचार कोण म्हणणार?

माझं मात्र वेगळं होतं. सोललेला गर संध्याकाळी काट्यावर घालायचा, मजुरी किलोवर. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की वजन कमी भरतंय. बाई तीच, टोपली तेवढीच, आकडा मात्र खाली. मी साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “तुम्ही लिहा, जबाबदारी माझी.” आणि मी आठ महिने तसंच लिहीत राहिले. त्या दोन शब्दांनी मला हलकं वाटलं होतं, हे आज कबूल करते. महिन्याला दीड हजार जास्त, बसायला खुर्ची आणि पाप दुसऱ्याच्या माथी.

पुढे मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात स्टॅनली मिलग्रॅम यांच्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्यांनी साध्या, कामधंदा करणाऱ्या माणसांना बोलावलं. पलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला वाढवत न्यायचा. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. घामाघूम होत, थरथरत, ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. कुणी बिचकून विचारलं, तर जबाबदारी आपली असल्याचं प्रयोग घेणारा सांगायचा. अगदी आमच्या साहेबांसारखं. पण त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका फेरीत शेजारी बसलेले दोघे ‘आम्ही नाही करणार’ म्हणून उठले (तेही आधीच ठरवून बसवलेले), तेव्हा ४० पैकी ३६ जण मध्येच थांबले.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका संध्याकाळी आमच्यातली एक बाई पिशवीतून दुकानातलं मिठाचं पुडकं घेऊन आली, एक किलोचं, सील न फोडलेलं. आवाज न चढवता म्हणाली, “साहेबांनू, ह्यां पुडकां जरा काट्यार घाला बघया.” काट्याने नऊशे चाळीस ग्रॅम दाखवलं. कुणी काही बोललं नाही. मग मागची एक उठली, तिच्यामागे दुसरी, आणि पाच मिनिटांत सगळा सोलणी विभाग काट्याभोवती उभा होता. यातल्याच बायका आठ महिने मान खाली घालून घरी जात होत्या.

आपल्या कोकणाला हे नवीन नाही. खोताच्या दारी वेठीला जाणारी कुळं पिढ्यान् पिढ्या गप्प होती. त्याच किनाऱ्यावर अलिबाग तालुक्यातल्या चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९४९ मध्ये तसा कायदा झाला. ती माणसं एका रात्रीत शूर झाली असं मला वाटत नाही. शेजारच्या शेतातही नांगर फिरत नाही, हे प्रत्येकाला दिसत होतं.

आमच्याकडे आठवडाभरात नवा काटा आला. मागचे पैसे कुणाला मिळाले नाहीत. मीठ आणणाऱ्या बाईला पुढच्या हंगामात ‘बी कमी आहे’ म्हणून बोलावलं नाही. तेव्हा मात्र आम्ही कुणी काट्याभोवती उभ्या राहिलो नाही. मीही नाही. याची टोचणी अजून आहे.

म्हणून एक मागणी. जिथे मजुरी किलोवर आहे, तिथे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारच्या वैध मापन शास्त्र विभागाने काट्याची तपासणी ऑफिसात बसून नाही, कामगार बायकांसमोर करावी आणि दरवर्षीचा शिक्का त्यांना दिसेल असा ठेवायला लावावं. काट्याशेजारी एक किलोचं माप कायम असावं आणि ते कुणालाही उचलून काट्यावर घालता यावं.

पत्र छापलंत तर कृपया माझं नाव देऊ नये. माझी नणंद अजून तिथे सोलायला बसते.

आपली,
एक वाचक, ता. वेंगुर्ले