कुमरोवेत्सला केवळ पुतळ्यासाठी जाऊ नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील क्रोएशियाच्या सहलीविषयीचा लेख वाचला. दुब्रोव्हनिकची तटबंदी, स्प्लिटमधील डायोक्लेशियन सम्राटाचा राजवाडा आणि प्लित्वित्सेची सरोवरे यांचे वर्णन त्यात उत्तम उतरले आहे. मात्र राजधानी झाग्रेबच्या वायव्येस, मोटारीने तासाभरात गाठता येणाऱ्या कुमरोवेत्स या गावाची बोळवण ‘मार्शल टिटो यांचे जन्मगाव’ एवढ्या उल्लेखावर झाली आहे. हा उल्लेख चुकीचा नाही, पण तो वाचून गेलेला प्रवासी, क्रोएशिया पूर्वी ज्या देशाचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांच्या पुतळ्याशेजारी छायाचित्र काढून परत फिरतो आणि ज्यासाठी तेथे जावे ते पाहायचे राहून जाते. हे गाव मी सावकाश हिंडून पाहिले असल्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले.

कुमरोवेत्स हे उत्तर क्रोएशियातील झागोर्ये या डोंगराळ मुलखात, सुत्ला नदीच्या काठी वसले आहे. नदीच्या पलीकडे स्लोव्हेनिया आहे. गावाच्या जुन्या भागाला ‘स्तारो सेलो’, म्हणजे जुने गाव, म्हणतात आणि हा संपूर्ण भाग आज संग्रहालय म्हणून जपला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीची घरे, कोठारे, गोठे अशा साधारण 40 इमारती त्यात आहेत. लोकजीवनाची अशी संग्रहालये युरोपात इतरत्रही आहेत. स्टॉकहोममध्ये 1891 साली सुरू झालेले स्कान्सेन हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. पण तेथे देशाच्या निरनिराळ्या भागांतली घरे उचलून आणून एका आवारात मांडलेली आहेत. कुमरोवेत्समधील घरे जेथे बांधली गेली तेथेच उभी आहेत. त्यामुळे घरामागची विहीर, विहिरीकडे जाणारी वाट, कोठाराचे तोंड अंगणाकडे का आहे, दोन शेजाऱ्यांमध्ये किती अंतर राखले जाई, या गोष्टी कोणी समजावून न सांगता पाहणाऱ्याच्या लक्षात येतात. माझ्या मते या गावाची खरी किंमत येथे आहे, कारण घर उचलून नेता येते, पण त्याचा शेजार आणि त्याची जमीन उचलून नेता येत नाही.

हे जतन कसे घडले, हाही इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. योसिप ब्रोझ टिटो यांचा जन्म मे 1892 मध्ये येथील एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील क्रोएट, आई सुत्लापलीकडच्या पोदस्रेदा गावची स्लोव्हेन, आणि मुलाच्या बालपणाचा काही काळ आजोळीच गेला. त्यांचे जन्मघर 1860 साली बांधलेले असून गावातले पहिले विटांचे घर म्हणून ते ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर टिटो युगोस्लाव्हियाचे सर्वेसर्वा झाले, 1948 मध्ये घराच्या अंगणात त्यांचा पुतळा उभा राहिला आणि 1953 मध्ये घरात स्मृतिसंग्रहालय सुरू झाले. एवढ्यावरच थांबले असते तर आसपासची घरे केव्हाच पडली असती किंवा त्यांच्या जागी सिमेंटची घरे आली असती. परंतु मारियाना गुशिच यांच्यासारख्या लोकजीवनाच्या अभ्यासकांनी नेत्याच्या घराबरोबर त्याच्या शेजाऱ्यांच्या घरांकडेही लक्ष वेधले, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून घरामागून घर दुरुस्त होत गेले. सत्तेच्या छत्राखाली मिळालेला निधी या अभ्यासकांनी सामान्य शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

घरांत मांडलेली प्रदर्शने विषयवार आहेत. एका घरात झागोर्येतील लग्नसोहळा, दुसऱ्यात नव्या जोडप्याचा संसार, तिसऱ्यात धान्याच्या दाण्यापासून भाकरीपर्यंतचा प्रवास. शिवाय लोहाराचे, कुंभाराचे आणि गाड्या बनवणाऱ्या सुताराचे काम. लग्नाचा प्रसंग पेहराव केलेल्या पुतळ्यांनी उभा केला आहे. तो नीटस असला तरी मला फारसा भिडला नाही. याउलट जवस आणि हेम्प (भांगेच्या जातीचे, तंतू देणारे रोप) यांपासून कापड कसे तयार होई, हे दाखवणाऱ्या घरात माझा बराच वेळ गेला. ही रोपे मुळासकट उपटायची, पाण्यात कुजत घालायची, वाळवायची, लाकडी चापात घालून त्यांच्या काड्या मोडायच्या, खिळ्यांच्या फणीवर तंतू विंचरायचे, मग कताई, मग मागावर विणकाम आणि शेवटी उन्हात अंथरून कापड पांढरे करणे. यातले बहुतेक काम बायका करीत आणि तेही शेत, गोठा, मुले सांभाळून. ती अवजारे ओळीने पाहिल्यावर घरात विणलेली एक चादर मुलीला आंदण देणे म्हणजे काय होते, हे पुस्तकी वर्णनापेक्षा कितीतरी स्पष्टपणे उमगते.

लाकडी खेळण्यांविषयीही लिहिले पाहिजे. झागोर्येतील ही हस्तकला 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. मारिया बिस्त्रित्सा या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गावरील गावांत ती रुजली, कारण यात्रेकरू घरी परतताना मुलांसाठी काहीतरी घेणारच. पुरुष वाळुंज, लिंडेन, बीच, मेपल यांचे लाकूड वाळवून कोरतात आणि स्त्रिया ती खेळणी साचा न वापरता हाताने रंगवतात. म्हणून एक घोडा दुसऱ्यासारखा नसतो. पिवळा, लाल, निळा हे रंग, शिट्ट्या, छोटी तंबुरी, पंख हलवणारी पाखरे. याच मुलखात आणि उत्तर क्रोएशियात इतरत्र पीठ, साखर, पाणी व सोडा यांचे लित्सितार, म्हणजे हृदयाच्या आकाराची लाल शोभेची बिस्किटे, बनवतात. ही कला 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. ही बिस्किटे खाण्यासाठी नसतात. ती प्रियजनांना आठवण म्हणून देतात आणि लग्नाच्या दिवशी त्यांना विशेष मान असतो. कुमरोवेत्समध्ये या दोन्ही कलांना स्वतंत्र जागा आहे. तरीही कारागीर प्रत्यक्ष काम करत असेल तेव्हाच ही दालने खऱ्या अर्थाने उघडतात, असे माझे मत आहे. काचेमागचे खेळणे पाहणे आणि पटाशीखालून निघणारी ढलपी पाहणे यांत फार अंतर आहे. म्हणून प्रात्यक्षिके कधी असतात ते संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून मगच दिवस ठरवावा, अशी माझी वाचकांना कळकळीची सूचना आहे.

पुतळा पाहूच नये, असे माझे म्हणणे नाही. लांब कोट घालून विचारात गढून चालणारे टिटो शिल्पकार आन्तुन ऑगुस्तिन्चिच यांनी घडवले. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोर असलेले अश्वारूढ शांतिशिल्पही त्यांचेच. ते जवळच्याच क्लान्येत्स गावचे, आणि त्यांच्या कामाचे दालन तेथे आहे. 2004 च्या डिसेंबरमध्ये कुमरोवेत्सचा पुतळा स्फोटाने पाडण्यात आला आणि नंतर दुरुस्त करून पुन्हा बसवला गेला. टिटोंबद्दल क्रोएशियात आजही तीव्र मतभेद आहेत. 25 मे या दिवशी, जो युगोस्लाव्हियात युवक दिन म्हणून साजरा होई, जुन्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून त्यांचे चाहते येथे जमतात, तर दुसरीकडे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हत्या आणि एकपक्षीय राजवट विसरू न शकणारे नागरिकही मोठ्या संख्येने आहेत. गावाबाहेर समाजवादी काळात बांधलेल्या भव्य राजकीय शाळेची इमारत युगोस्लाव्हिया विखुरल्यावर पुढे ओस पडली. पाहुण्याने या वादात न्यायाधीश होऊ नये, पण तो वाद माहीत असावा.

प्रवासाच्या दृष्टीने आता अडचणी कमी झाल्या आहेत. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आला असून त्याच दिवसापासून कुनाऐवजी युरो हे चलन लागू झाले आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसावर युरोपला जाणाऱ्यांना वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. जेवणात ताज्या चीजचे सारण भरलेले श्त्रुक्ली हा झागोर्येचा पदार्थ मिळतो. त्यात मांस नसते, मात्र अंडे असते, हे शाकाहारी वाचकांनी लक्षात घ्यावे. वेळ असेल तर सुत्लाकाठचा क्लान्येत्सपर्यंतचा रस्ता चुकवू नये. क्रोएशियाच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिणारे आन्तुन मिहानोविच यांचे स्मारक त्याच वाटेवर, झेलेन्याक घळीत आहे.

झाग्रेबहून ल्युब्ल्यानाला नेणाऱ्या सहलींच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, त्यांनी कुमरोवेत्ससाठी अर्ध्या तासाचा थांबा न ठेवता किमान अर्धा दिवस द्यावा आणि स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्यावा. आपणही पुरवणीत या गावावर एक स्वतंत्र लेख छापावा. त्यात टिटोंच्या घराइतकीच जागा त्यांच्या शेजाऱ्यांच्या घरांना मिळावी, अशी अपेक्षा आहे.

आपला,
एक नियमित वाचक