आधी खटका खाली: दोंडाईच्याच्या ताईंना जाहीर आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव नाही, कारण तुम्ही तशी तंबीच दिली होती. "काका, नाव टाकू नका, नाहीतर सगळ्या तालुक्याचे बिघडलेले मोबाईल माझ्या टेबलावर येतील." म्हणून नाव नाही आणि दुकानाचा पत्ताही नाही. दोंडाईचा एवढंच लिहितो. ज्यांची कामं तुम्ही केली आहेत ते ओळखतीलच.

तुम्ही दिलेला पेन ड्राइव्ह घरी लावला आणि मोठ्या मायचा आवाज अंगणात ऐकू आला, त्या संध्याकाळी आमच्याकडे स्वयंपाक फार उशिरा झाला. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. दोनदा लिहून खोडलं.

पण माझ्या कॅमेऱ्याच्या ज्या कार्डातून तुम्ही तो आवाज परत काढलात, त्यात काय होतं ते वाचणाऱ्यांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ आणि दागिने, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. त्यामुळे कुणी सुरतेत मागावर असो की नाशिकला कंपनीत, त्या दिवशी माणूस गावी येतोच. आमची भाऊबंदकी लग्नाला एवढी जमत नाही आणि बांधाच्या भांडणाला तर तलाठ्यासमोरच जमते. त्या रविवारी मात्र सगळे आले होते. खापरावरची पुरणपोळी, गंगाफळाची भाजी, आणि सगळ्यांच्या मध्ये मोठी माय, माझ्या थोरल्या काकांची बायको. कानबाईची अहिराणी गाणी तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत येत. आमच्या पिढीतल्या बायांना पहिलं कडवं येतं, पुढे नुसतं गुणगुणणं. मी कॅमेरा घेऊन फिरत होतो आणि ती माझ्यावर ओरडत होती, "फोटो काय काढी ऱ्हायना, ताट उचल!" हेही त्या व्हिडिओत आहे.

पोळा झाला आणि ती गेली.

सुरतेच्या भावांनी निरोप दिला की फोटो सगळ्यांना पाहिजेत, गाणी तर पाहिजेतच. म्हणून कार्ड शहरातल्या एका मोठ्या दुकानात दिलं. दुकानाचं नाव घेत नाही. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर दुरुस्तीच्या कामांची लांबलचक यादी. माझं काम साधं होतं: कार्डातलं सगळं पेन ड्राइव्हवर काढून द्या. संगणकाला कार्ड वाचता येईना. मग पडद्यावर ती चौकट आली, की ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट, म्हणजे कोरी, करावी लागेल. त्या प्रश्नाला 'नाही' असंही उत्तर देता येतं. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही आणि 'हो' दाबलं. कार्ड माझ्या हातावर ठेवत हसून म्हणाला, "घ्या काका, कार्ड एकदम नवं झालं!" फोटोंचं विचारलं तर म्हणे ते आधीच गेलेले होते.

दुसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी तेच कार्ड आपल्या कॅमेऱ्यात सरकवलं, स्वतःच्या काउंटरचा एक फोटो काढला आणि "चालतंय की!" म्हणून परत दिलं. तिसऱ्याने कार्ड हातातही न घेता, पुण्याला पाठवावं लागेल म्हणून एक रक्कम सांगितली. ती ऐकून मी प्यायला पाणी मागितलं. आणि "फॉरमॅट म्हणजे संपलं, विसरा आता" हे ज्ञान तर चहाच्या टपरीवरही फुकट मिळालं.

तुमच्याकडे मी या कामासाठी आलोच नव्हतो. पुतणीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. रांगेत शेजारच्या माणसाला मी हीच कर्मकहाणी ऐकवत होतो, आणि तुम्ही कीबोर्डवरची नजर न काढता विचारलंत, "ते कार्ड आत्ता आहे का तुमच्याकडे?" खिशात होतं. तुम्ही ते हातात घेतलंत पण कुठेही घातलं नाहीत. आधी विचारलंत, फॉरमॅटनंतर यात काही नवीन साठवलं का. मी काउंटरच्या फोटोचं सांगितलं. तुमच्या कपाळावर आठी पडली, पण त्या गृहस्थांबद्दल तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत.

मग तुम्ही कार्डाच्या कडेचा तो बारकासा पांढरा खटका नखाने खाली सरकवलात आणि म्हणालात, "काका, आधी याला लॉक करते. म्हणजे माझ्या हातूनपण काही बिघडणार नाही."

ताई, हे पत्र खरं तर या एका वाक्यासाठी आहे. फोटो निघाले नसते तरीही मी ते लिहिलं असतं, असं आता वाटतं.

आधीच्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताबद्दल पक्की खात्री होती. कार्डात बिघाड, कॅमेऱ्यात बिघाड, माझ्यात बिघाड, पण त्यांच्या हातात बिघाड असणं शक्यच नाही. ज्या एका व्यक्तीला हे काम खरोखर येत होतं, तिने पहिला बंदोबस्त स्वतःचा केला. तो खटका सरकवायला किती वेळ लागतो? डोळ्याची पापणी लवते तेवढासुद्धा नाही. त्यासाठी दुकानाला एसी लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. मात्सुशिता, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये हे एसडी कार्ड आणलं. तेव्हापासून तो खटका त्याच्या कडेला आहे, आणि ज्यांनी ज्यांनी माझं कार्ड हातात घेतलं त्यांच्या बोटाखालून तो गेला असणार. मोबाईलच्या चिमुकल्या कार्डाला तो नसतो. माझ्या कार्डाला होता, आणि त्याचा उपयोग करणारं माणूस दोंडाईच्याला भेटलं.

वर तुमचा प्रामाणिकपणा असा, की खटक्याची थोरवीही तुम्ही वाढवून सांगितली नाहीत. त्याने कार्डाच्या आत काहीच होत नाही, म्हणालात. तो कुठे आहे हे रीडर, म्हणजे ज्यात कार्ड घालतात ते यंत्र, बघतो आणि कार्डावर लिहायचं की नाही ते ठरवतो. काही रीडर बघतच नाहीत. "माझा बघतो, मी तपासून घेतलाय." कुठलंही गिऱ्हाईक असा प्रश्न विचारणार नाही. तरी तुम्ही तपासून ठेवला होता.

नंतरचं तांत्रिक काम मला पूर्ण कळलं असा दावा करत नाही आणि त्याचा पाढाही वाचत नाही. पण मी तोंड पाडून बसलेला पाहून तुम्ही जे सांगितलंत ते आमच्यासारख्याला चटकन कळण्याजोगं होतं: सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत वाहून जात नाही. कोणता फोटो कुठे ठेवलाय याची नोंद कार्डाच्या एका भागात असते. झटपट फॉरमॅटमध्ये ती नोंद कोरी होते. फोटो जागेवर पडून असतात, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. विंडोजच्या फॉरमॅटच्या चौकटीत 'क्विक' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. त्यावरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असतं तर विंडोज व्हिस्टापासून पुढची प्रत्येक विंडोज सगळ्या कार्डावर शून्यं लिहीत जाते, आणि मग मोठ्या मायचं गाणं कुणालाच परत आणता आलं नसतं. म्हणजे त्या एसीतल्या मुलाला काम उरकायची घाई होती म्हणून आम्ही वाचलो. आभार मानायलाच बसलो आहे तर त्याच्या घाईचेही मानतो.

तुम्ही आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल संगणकात उतरवलीत, कार्ड पाकिटात घालून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, आता याला हात लावायची गरज नाही, जे करायचं ते नकलेवर. बत्तीस जीबीचं कार्ड, नक्कल व्हायला बराच वेळ लागणार होता. तुम्ही मला बाकावर बसवलंत आणि रांगेकडे वळलात. तिथे बसून मी जे पाहिलं तेही लिहितो.

एक आजी अंगठ्यावर पैसे काढायला आल्या होत्या. अंगठा लावण्याआधी तुम्ही त्यांना रक्कम मोठ्याने वाचून दाखवलीत, पैसे दिल्यावर खात्यात किती उरले तेही सांगितलंत, आणि पावती त्यांच्या पिशवीत नीट जाते की नाही ते पाहिलंत. एका शेतकऱ्याच्या फॉर्मवर मोबाईल नंबर टाकायचा होता. तो म्हणाला, "तुमचाच टाका ना ताई, मला कुठं ओटीपी कळतो." तुम्ही नाही म्हणालात. त्याच्या पोराला फोन लावायला लावलात, त्याचा नंबर घेतलात. तोवर रांग चुळबुळ करत होती. एक जण पासवर्ड टाकायला लागला तर तुम्ही मान खिडकीकडे वळवलीत, आणि मला वाटतं त्या माणसाच्या ते लक्षातही आलं नाही.

ही सगळी कामं मला एकाच जातीची वाटली. लोक ज्याच्या हातात आपला अंगठा, आपला नंबर, आपल्या गेलेल्या माणसाचा आवाज देतात, त्याने तो हात आधी बांधून घ्यायचा. आमच्याकडे चांगुलपणा म्हटला की लोकांना पंगती आठवतात, देणग्यांच्या पाट्या आठवतात, नाव कोरलेले पंखे आठवतात. आमच्या मंदिरातल्या एका पंख्यावर तर देणाऱ्याचं नाव इतकं मोठं आहे की पंखा फिरत असतानासुद्धा वाचता येतं. तो चांगुलपणाही असू दे, उन्हाळ्यात वारा लागतोच. पण कुणी बघत नसताना खटका खाली सरकवणारी माणसं तालुक्याला किती मिळतील? आणि त्यांच्या नावाची पाटी लावायची तरी कुठे?

तुम्ही वापरलेला 'फोटोरेक' नावाचा प्रोग्राम फुकट आहे हेही तुम्हीच सांगितलंत. नसतं सांगितलं तरी मला कळणार नव्हतं. क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसाने तो लिहिला आणि जगाला वापरायला दिला. तो कार्डावरची पुसलेली नोंद शोधतच बसत नाही. फोटोची सुरुवात ज्या ठरावीक अंकांनी होते ते अंक कार्डभर हुडकत जातो. त्या साहेबांना कानबाई माहीत असायचं कारण नाही, पण आमच्या भाऊबंदांचा नमस्कार त्यांनाही.

फोटो आले ते नावं हरवून, नुसत्या आकड्यांचे. तुम्ही ते फोटोच्या पोटातल्या तारखेवरून लावून दिलेत. रविवार वेगळा, सोमवार वेगळा. काही फोटो अर्धेच आले, वर नथ आणि गजरा, खाली सपाट करडा रंग. ते तुम्ही पुसले नाहीत, 'अर्धे' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत. "यातलं तुम्हाला काय लागेल ते मला कसं कळणार?" असं विचारलंत. बरोबर होतं तुमचं. त्या अर्ध्या फोटोंपैकी एकात माझा सुरतेचा चुलतभाऊ आणि त्याचा सख्खा भाऊ एका ताटात जेवताना दिसतात. ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत असं आम्ही समजत होतो. आता भाऊबंदांच्या ग्रुपवर त्याच फोटोची सर्वांत जास्त चर्चा आहे.

अगदी सुरुवातीचे, कानबाई बसवतानाचे काही फोटो मिळाले नाहीत. त्या जागी बहुधा 'चालतंय की' वाल्यांचा काउंटर बसला असावा. तो फोटो मात्र सुखरूप आहे, कॅल्क्युलेटर आणि बिलबुकासकट. पाहिजे असल्यास त्यांना मोफत देईन.

तुमची मजुरी तुम्ही आधीच सांगितली होती, काही निघालं नाही तर काही नाही असंही सांगितलं होतं, आणि निघाल्यावर तेवढीच घेतलीत. मी वर नोट ठेवली ती तुम्ही पुतणीच्या अर्जाच्या फीमध्ये वळती करून उरलेली सुटी परत दिलीत. यावर मी भांडणार होतो, पण रांग मागून ढकलत होती.

आता राहिलेलं एक काम. गाण्याचा मोठा व्हिडिओ मधेच थांबतो. तुम्ही म्हणाला होतात की मोठे व्हिडिओ कार्डावर तुकड्यातुकड्यांनी ठेवलेले असतात, त्यामुळे ते जुळवणं अवघड, पण त्याच कॅमेऱ्यातला एखादा धडधाकट व्हिडिओ नमुन्याला मिळाला तर प्रयत्न करून बघता येईल. जमेलच असं नाही, हेही म्हणाला होतात. घरातल्यांना मी ते दुसरं वाक्य आधी सांगितलं आहे, त्यामुळे तुमच्यावर कुणाचा जोर नाही. पुढच्या आठवड्यात पुतणीच्या अर्जाची पावती घ्यायला येतो तेव्हा कॅमेराच घेऊन येतो, चार्जरसकट. नवं कार्ड घातलं आहे. जुनं पाकिटातच आहे, खटका खाली.

तुमचा,
शिष्यवृत्तीच्या रांगेतला काका