कव्वालांच्या वह्या आणि कॅसेटी वाचवायच्यात, मदत हवीय!

ग्वाल्हेरच्या सगळ्या मराठी मंडळींना नमस्कार,

आपल्या मंडळाने या वर्षी एक काम हातात घेतलंय. गुरुवारी आणि उरुसात दर्ग्यावर गाणाऱ्या आपल्या शहरातल्या जुन्या कव्वाल घरांकडे ज्या हाताने लिहिलेल्या वह्या (ते बयाज म्हणतात) आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कॅसेटी आहेत त्या स्कॅन करून, डिजिटल करून ठेवायच्यात. वह्यांना वाळवी लागलीय, कॅसेटींवर बुरशी आलीय, अजून दोन-चार पावसाळे गेले तर हाती काहीच लागणार नाही.

आपला काय संबंध, असं काहीजण विचारतात. अहो, आपलाच तर संबंध! महादजी शिंद्यांची श्रद्धा बीडच्या मन्सूर शाह औलियांवर होती, इथल्या गोरखी वाड्यात त्यांचा उरूस आजही होतो. तानसेन समारोहाच्या सकाळी हजिरा भागात सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याजवळ ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मिलादही (पैगंबरांच्या स्तुतीचं वाचन) होतो. आणि गाण्याचं म्हणाल तर ज्या बडे मोहम्मद खाँच्या तानांचा ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँ-हद्दू खाँवर एवढा परिणाम झाला ते घराणं कव्वाल बच्च्यांचं, म्हणजे कव्वालांच्या वंशातल्या गवयांचं. पुढे हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडे शिकले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. म्हणजे महाराष्ट्रात जो ख्याल घरोघर पोचला त्यात कव्वालांचा गळा आहे, हे मला फार मोठं वाटतं.

आता वही आहेच तर रेकॉर्डिंग कशाला, हाही प्रश्न येतो. कव्वालीत वहीतलं कलाम म्हणजे अर्धंच गाणं असतं. हम्द (अल्लाहची स्तुती), नात (पैगंबरांची), मनकबत (अली आणि संतांची) अशा क्रमाने महफिल चढत जाते, कव्वाल एका ओळीवर थांबतो, तीच ओळ पुन्हा पुन्हा घेतो आणि मधेच दुसऱ्याच शायराचा शेर, कधी फारसी, कधी ब्रजचा दोहा, त्या ओळीला आणून बांधतो. याला गिरह लावणं म्हणतात. कुठली गिरह कधी लावायची हे समोर कोण बसलंय, कोणाचे डोळे भरून आलेत ते बघून जागेवर ठरतं, आणि कोणाला हाल आला (भान हरपलं) तर तो भानावर येईपर्यंत ती ओळ सोडायची नाही असा रिवाज आहे. हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही, ते म्हाताऱ्या कव्वालांच्या डोक्यात आहे आणि थोडंफार त्या कॅसेटींत. अमीर खुसरो (१२५३ ते १३२५) यांच्या नावाने जे कौल आणि रंग (कव्वालीतल्या ठरलेल्या रचना) गातात तेही असेच तोंडी आलेत, प्रत्येक घराची चाल वेगळी. सिनेमातलं सूफी गाणं सगळ्यांना पाठ आहे, चांगलंच आहे, पण त्यात ही गिरह नाही मिळत.

२०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते ना, मग आता थोडं कामही करूया.

पैसे लागणार आहेत स्कॅनर, चांगला कॅसेट डेक आणि हार्ड डिस्कसाठी, आणि मुख्य म्हणजे कव्वालांच्या नजराण्यासाठी. त्यांच्याकडून फुकट काही घ्यायचं नाही हे मंडळाने पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवलंय. पहिली कॉपी त्यांच्या घरी जाईल, त्यांनी हो म्हटल्याशिवाय एकही रेकॉर्डिंग बाहेर टाकणार नाही, जिथे नको म्हणतील तिथे मोबाईलसुद्धा काढायचा नाही. शंभर रुपये द्या, पाच हजार द्या, पावती मिळेल आणि दर महिन्याचा हिशोब ऑफिसच्या बोर्डावर लागेल.

पैशाइतकीच माणसंही हवीत. एक तासाची कॅसेट डिजिटल करायला पूर्ण तास जातो, कोणीतरी बसून ऐकावं लागतं. कॉलेजची मुलं-मुली, रिटायर झालेले काका-काकू, कोणीही या. उर्दू वाचता येणारे तर फारच हवेत, कारण ब्रजचे दोहेसुद्धा त्याच लिपीत लिहिलेत आणि शिकस्ता (घाईचं, जोडून लिहिलेलं) अक्षर आमच्यातल्या कोणालाच नीट लागत नाही.

लष्कर, दौलतगंज, जनकगंज या भागांत ज्यांच्या माळ्यावर जुन्या उरुसाच्या किंवा महफिलीच्या कॅसेटी पडल्या असतील त्यांनी त्या संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात आणून द्याव्या. फक्त बुरशी दिसत असेल तर घरच्या टेपवर लावून बघू नका, फीत तुटते आणि हेडही खराब होतं. तशीच कागदात गुंडाळून आणा, वर कुठल्या वर्षाची, कुठल्या दर्ग्याची आठवेल ते लिहा.