बॅटरीचं पाणी कमी झालं तर ॲसिड ओतू नका

संपादक साहेब, नमस्कार,

उन्हाळा आला, लाईट जायला लागली की सगळ्यांना इन्व्हर्टरची बॅटरी आठवते, म्हणून आत्ताच लिहितोय. आमची ट्युब्युलर (नळीदार प्लेटांची) बॅटरी अडीच वर्षांतच बसली. मी बाहेरगावी होतो, सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने ग्रॅव्हिटी (म्हणजे बॅटरीतल्या पातळ ॲसिडची घनता) कमी दिसते म्हणून डिस्टिल्ड वॉटरऐवजी ॲसिड भरलं आणि "याने बॅकअप वाढतो" असं घरच्यांना सांगून गेला. नंतर फुल चार्जला पाहिलं तर 1240 च्या जागी ग्रॅव्हिटी 1300 च्या वर!

अहो, बॅटरीतून कमी होतं ते पाणी, चार्जिंगमधे त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, ॲसिड आतच असतं. डिस्चार्ज झाल्यावर ग्रॅव्हिटी उतरते कारण ते ॲसिड प्लेटांवर लेड सल्फेट होऊन बसलेलं असतं, नीट चार्ज केलं की परत येतं.

1859 मधे फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून पातळ सल्फ्युरिक ॲसिडमधे ठेवले आणि पुन्हा पुन्हा चार्ज डिस्चार्ज केले, तेव्हा पॉझिटिव्ह पत्र्याचं शिसं ऑक्सिडाइज होऊन त्यावर लेड डायऑक्साइडचा थर चढला. त्याला तेच हवं होतं. आपल्या बॅटरीत हा थर कंपनीतूनच तयार होऊन येतो, पॉझिटिव्ह प्लेटच्या नळीतल्या शिशाच्या काडीचं काम फक्त करंट वाहून न्यायचं. पण चार्जिंगमधे ती काडीसुद्धा थोडी थोडी ऑक्सिडाइज होतच असते, आणि ओव्हरचार्जिंग, उकाडा, जहाल ॲसिड असलं की फार लवकर खलास होते. वर लेड डायऑक्साइडला शिशापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून प्लेटा फुगतात.

आमची बॅटरी वर्कशॉपमधे उघडली तेव्हा मी समोर होतो. कारागिराने हातमोजे घालून एक काडी चिमटीत धरली तर तिचे तुकडेच पडले, बाहेरून सगळी चॉकलेटी आणि मधोमध चकाकणारं शिसं दोऱ्याएवढं उरलेलं. जीव हळहळला, अजून दोन तीन वर्षं सहज गेली असती.

तरी माझी कळकळीची विनंती आहे की विकणाऱ्यांनी वॉरंटी कार्डावर मोठ्या अक्षरात मराठीत "फक्त डिस्टिल्ड वॉटर" असं छापावं, आणि वाचकांनीही सर्व्हिसिंगवाला आला की त्याच्या हातातल्या कॅनमधे काय आहे ते झाकण उघडायच्या आधी विचारावं.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक