दारावरची पाटी

श्टुटगार्ट, जर्मनी,
रविवार, 13 जुलै 2025

ती. आई आणि ती. बाबा यांस सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं "हो, जेवलो" म्हणून ठेवतो, त्यापेक्षा चार ओळी लिही, असा बाबांचा निरोप पोचला. आज रविवार. इथे रविवारी वाण्याचं दुकानसुद्धा उघडत नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या पेटीत टाकायलाही बंदी, कारण आवाज होतो. कुकरच्या शिट्ट्या कितपत चालतात कोण जाणे. मी खिडकी लावून दोनच घेतो. तेव्हा बसलो लिहायला.

आई, आधी तुझ्या फायद्याची बातमी. मी केर काढायला लागलोय.

झालं असं की राहायला आलो त्याच्या दुसऱ्या सोमवारी दारावर एक पाटी लटकलेली. मला वाटलं, आधीच्या भाडेकरूची राहिली असेल, काढून आत ठेवून दिली. गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. पाटीवर लिहिलं होतं 'केरवोखे'. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे, आई, केरच! म्हणजे झाडणं, पण माझ्या कानाला काय फरक पडतो? ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि पुसायचा, मग पाटी शेजाऱ्याच्या दारावर. या भागातली ही जुनी रीत. आजींच्या म्हणण्याप्रमाणे 1492 सालापासून गावाचा तसा नियमच होता, तेव्हा उकिरडा दर आठवड्याला गावाबाहेर न्यावा लागे. मी त्याच संध्याकाळी झटपट झाडू फिरवला. दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा हजर. काही बोलल्या नाहीत, फक्त पायरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तू "मधला केर कोणीही काढतो, कोपरे बघ" म्हणायचीस ना, अगदी तोच चेहरा. तीस वर्षं तुझं ऐकलं नाही, इथे न बोलता ऐकलं. वहिनीला हे सांगू नकोस, माझ्या सुट्टीचा बेत बिघडेल.

कामाचं फार लिहिण्यासारखं नाही. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचं, चूक सापडली की नोंद करायची. माणसं शांत, ठरल्या वेळेला मिनिटभर आधीच हजर. शुक्रवारी दुपारी दोनला पार्किंग मोकळं होतं. आपल्याकडे त्या वेळी शुक्रवारची खरी मीटिंग सुरू होते. कॅन्टीनमध्ये इथला खास पदार्थ असतो, लिन्झन मिट श्पेट्सले. म्हणजे मसुराची आमटी, जाडसर शेवयांवर, वरून व्हिनेगर. सोबत सॉसेज असतं, ते मी वगळतो. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा वाटलं, आमसुलाऐवजी काहीतरी भलतंच घातलंय. आता बुधवारची वाट बघतो. फोडणी मात्र नाही आणि ती नाहीच.

आता बाबांसाठी. मागच्या शनिवारी बासेलला गेलो होतो. बाबा, तुम्हाला नाव ओळखीचं वाटलं असेल, नसेल तर विहिरीमागच्या कौलांच्या ढिगाकडे जा आणि एक उलटं करून बघा. निसर्ग वादळात मागच्या पडवीची कौलं उडाली आणि तुम्ही पत्रे घातलेत, तीच. त्यांवर इंग्रजीत 'बासेल मिशन' असं कोरलेलं आहे, खाली 'मंगलोर'. लहानपणी मला वाटायचं बासेल हे कुणा मालकाचं आडनाव. ते स्वित्झर्लंडमधलं गाव आहे, हे इथे येऊन रेल्वेच्या फलकावर वाचलं तेव्हा चमकलो.

यंदा, 2025 मध्ये, महिन्याला 58 युरोचा पास आहे, त्यात जर्मनीभरातल्या साध्या गाड्या चालतात. पहाटे सहाला निघालो, कार्ल्सरूहे आणि ओफेनबुर्गला गाडी बदलून अकराला पोचलो. मधली एक गाडी चुकली, कारण आधीची उशिरा आली. इथे गाड्या वेळेवर असतात असं गावात सांगत फिरू नका. ज्या स्टेशनवर उतरलो ते जर्मन रेल्वेचं, पण स्वित्झर्लंडच्या जमिनीवर.

हे ख्रिस्ती मिशन 1815 मध्ये बासेलला सुरू झालं आणि 1834 मध्ये यांची माणसं मंगळूरला पोचली. त्यांतले पुष्कळजण मी राहतो त्याच व्युर्टेम्बर्ग भागातले होते. धर्म बदललेल्यांचं काम सुटायचं, म्हणून त्यांच्यासाठी विणकाम आणि कौलांचा कारखाना काढला. कौलांचा कारखाना 1865 चा. पुढे मंगळुरी कौलं समुद्रमार्गे किनाऱ्यावर पसरली आणि आपल्या घराच्या डोक्यावरही आली, भाव काय होता देव जाणे. मिशनची इमारत अजून आहे, मोठी, झाडांमध्ये. मी फाटकापाशी उभा राहिलो. आत जाऊन काय सांगणार, "तुमची कौलं आमच्याकडे आहेत, थोडी फुटलीत"? दहा मिनिटांनी परत फिरलो.

पण खरी मजा नदीवर. ऱ्हाईनवर चार होड्या आहेत, पलीकडे नेणाऱ्या, आणि एकीलाही इंजिन नाही! नदीवर आडवी तार ताणलेली, होडी दोरीने त्या तारेला जोडलेली. माणूस सुकाणू जरा वळवतो आणि पाण्याचा जोरच होडीला पलीकडे ढकलतो. एका बाजूने दुसऱ्या बाजूला, दिवसभर. धोपाव्याहून दाभोळला तरीने जायचो तेव्हा तुम्ही वल्ह्यांचा हिशेब सांगायचात, ते आठवलं. मी दोनदा गेलो, दुसऱ्यांदा नुसता दोरी बघायला. आजूबाजूला लोक पोहत चाललेले, ऑफिसचे कपडे माशाच्या आकाराच्या बंद पिशवीत घालून, पिशवीला धरून तरंगत खाली घरी जातात म्हणे. आई, काळजी करू नकोस, मी फक्त बघितलं.

गणपतीला मी नाही, हे मनाशी ठरवून टाकलंय. दिवाळीआधी मात्र येतो, तिकीट काढलं आहे. सोलकढीची तयारी आधीपासून करू नका, कोकमाची बाटली इथे संपत आलीय एवढंच सुचवतो.

बाबा, ती कौलं कुणाला भराव घालायला देऊ नका. निदान एक धुऊन, वरच्या अक्षरांसकट, पडवीत ठेवा. फोटो काढलात तर साल दिसेल असा काढा, आजींना दाखवायचाय. उद्यापासून पाटी पुन्हा माझ्या दारावर.

तुमचा,
धाकटा