‘शिष्ट झाली आहे’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गौरी-गणपती उरकले की आमच्याकडे कुणाच्या तरी वागण्याची चर्चा मागे उरते. यंदा माझ्या मुलीचा नंबर लागला. ‘शिष्ट झाली आहे’, ‘तोंड पाडून बसते’, ‘पुण्याला गेली आणि माणसं विसरली’. ती १९ वर्षांची आहे, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडून सध्या घरी आहे, आणि तिला अ‍ॅनोरेक्सिया आहे. जाड होण्याच्या भीतीने माणूस खाणंच तोडत जातो, असा हा मानसिक आजार. वजन उतरतं, पाळी बंद होते, सारखी थंडी वाजते, हे सांगितलं की लोकांना पटतं. बोलणं आटतं, हे पटत नाही. म्हणून हे पत्र.

मलाही पटलं नव्हतं. रिक्षावाल्याशीही गप्पा मारणारी पोर वर्षभरात प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक’ एवढंच म्हणू लागली. मैत्रिणींचे फोन उचलेना, कारण भेटायचं म्हणजे मिसळ नाहीतर पाणीपुरी. सुट्टीत घरी आली की आमच्यासाठी मात्र रात्री अकरा वाजता श्रीखंड घोटायची, बोटसुद्धा न चाटता. मी म्हणायचे, हट्टी आहे.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला मिनेसोटा विद्यापीठातला जुना प्रयोग सांगितला. १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुण स्वखुशीने सहा महिने जवळजवळ अर्ध्या जेवणावर राहिले. त्यांना असला कुठलाही आजार नव्हता. तरी चिडचिड वाढली, थट्टामस्करी संपली, माणसं नकोशी झाली. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले! मला श्रीखंड आठवलं. चेहऱ्याचंही तसंच. या आजारात भावना चेहऱ्यावर कमी उमटतात, हे संशोधनात दिसलं आहे. आत रडू दाटलेलं असतं आणि समोरच्याला वाटतं, तोंड पाडलंय.

हॉस्टेलवरून फोन यायचा, ‘आई, आज खूप जाड वाटतंय.’ मी हाडं मोजून दाखवल्यासारखी वाद घालायचे. बाई म्हणाल्या, वाद नको, त्याआधी काय घडलं ते विचारा. एकदा तोंडी परीक्षा बिघडली होती. एकदा रूममेट तिला न सांगता सिनेमाला गेल्या होत्या. राग, अपमान, भीती, सगळ्याला तिच्याकडे ‘जाड’ हा एकच शब्द उरला होता. आता रोज संध्याकाळी आम्ही दोघी दुसरे शब्द शोधतो. कंटाळवाणं काम आहे. चार किलो वजन वाढलं म्हणून मैत्रिणी लगेच परत येत नाहीत.

आणि आपला आग्रह! पानात लाडू टाकायचा आणि सगळ्यांनी तिच्या ताटाकडे बघत बसायचं, मग ती बोलणार काय? ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुकही सुरुवातीला याच मंडळींनी केलं होतं. तिच्याशी क्रिकेटवर बोला, शेजारच्या कुत्र्यावर बोला. उत्तर आलं नाही तरी पुढच्या वेळी पुन्हा बोला.

गौरीजेवणाला ती माझ्या नणंदेला म्हणाली, ‘आत्या, माझं मी वाढून घेते. कुणी पानाकडे बघितलं की मला घास गिळवत नाही.’ आठवडाभर हे वाक्य तिने घोकलं होतं. आवाज कापत होता, पण अर्धी पुरणपोळी तिने आपल्या हाताने वाढून घेतली.

वन्सं अजून रुसलेल्या आहेत.

– एक आई, नाशिक
(कृपया नाव छापू नये.)